टिपणिसांच्या तिकिटांचे दोन वाटे

खांदा कॉलनीत बातमी अशी होती, की पद्मजाताई टिपणिसांनी मेलेल्या भावाचं लाखमोलाचं टपाल तिकीट जिभेनं ओलं करून एका पाकिटावर चिकटवलं आणि त्या पाकिटातून बिल्डरला लिफ्टबद्दल तक्रार धाडली. भाजी मार्केटात हे तिकीट दोन लाखांचं होतं. रिक्षा स्टँडवर ते पाच लाखांचं झालं. तिथला एक रिक्षावाला आरशात बघून केस विंचरत म्हणाला, "अपुन को तो उस आंटी पे पहलेसे डाउट था." शेजारच्या विचुंबे गावात पोचेपर्यंत आकडा वीस लाखांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी कमळीच्या भाजीच्या टोपलीतून तो परत कॉलनीत आला.

"ऐकलं का वो? वीस लाख!" कमळी मेथीच्या जुड्या आपटत सांगायची. "बाईनं चाटलं नि लावलं. माजी पोर बोलते, आई, वीस लाखात घर येतं. आमी आख्खा जलम इटा थापल्या, नि ही एका जिभेत घर घालवून बसली. आता काय बोलायचं, सांगा. मेथी घेणार का नाय?"

आता खरं काय ते. पद्मजाताईंनी उभ्या जन्मात एकही तिकीट जिभेला लावलेलं नाही. "त्या गोंदात काय कालवतात ते कुणी डोळ्यांनी बघितलंय का?" असं त्या विचारतात आणि समोरचा माणूस नाही म्हणाला की जिंकल्यासारखी मान हलवतात. सहकारी बँकेत कॅश काउंटरला होत्या तेव्हाही त्यांचा ओला स्पंज घरून यायचा, कारण बँकेच्या स्पंजात कोणाकोणाची बोटं बुडालेली असतील याचा भरवसा नव्हता. लिफ्टची तक्रार त्यांनी केली होती हे खरं आहे. पण ती कुरियरनं, आणि कुरियरवाल्या पोराचा ओळखपत्रासकट फोटो काढून. आणि वीस लाखांचं तिकीट म्हणाल तर ते त्या घरात कधी नव्हतंच.

तरी बातमी उठली, आणि ती घरातूनच उठली. ती कशी, हे सांगायचं तर पद्मजाताई कोण ते आधी सांगायला हवं.

वय अडुसष्ट, लग्न केलं नाही. दोन स्थळं आली होती. एकाचा पगार त्यांना फार वाटला आणि दुसऱ्याचा नम्रपणा. बँकेतून निवृत्त झाल्या त्या दिवशी सहकाऱ्यांनी चांदीची समई दिली, ती त्यांनी वाटेतच सोनाराकडे नेऊन घासून बघितली. चांदीचीच निघाली, तर "मग एवढी कशाला दिली असेल?" म्हणून आठवडाभर झोप नाही. डॉक्टर "काळजीचं काही नाही" म्हणाले की त्यांना काळजी लागते. लिफ्टमध्ये आरसा बसवला तेव्हा त्या महिनाभर जिन्यानं गेल्या. आणि हे सगळं अगदी शांतपणे, चेहऱ्यावर रेघ न हलवता, नाकातून बारीक "हं" काढत. त्या एका "हं"मध्ये पोलीस चौकी, कोर्ट आणि तुरुंग सगळं असतं.

हा स्वभाव त्यांचा एकटीचा नाही, टिपणिसांच्या रक्तातलाच आहे. भाचा सत्यजीत पुण्याला सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा. भाची कादंबरी ठाण्याला एका कंपनीत नोकरीच्या मुलाखती घेते. समोरच्यानं "मला लोकांत मिसळायला आवडतं" म्हटलं की ती पेन खाली ठेवते. घराण्यात भोळा असा एकच माणूस निघाला, तो म्हणजे पद्मजाताईंचा थोरला भाऊ आणि या दोघांचा बाप, कमलाकर.

कमलाकर उरणच्या बाजूला बंदरावरच्या एका क्लिअरिंगच्या ऑफिसात होता. जगभरची पाकिटं तिथे यायची. इतरांनी पाकीट फोडून टाकलं की हा ते उचलायचा. तिकिटांचा नाद लागला तो असा. मग अनोळखी लोकांशी पत्रानं अदलाबदल सुरू झाली. मी तुम्हाला हे पाठवतो, तुम्ही मला ते पाठवा. कमलाकर आधी पाठवायचा. समोरचा कधी पाठवायचा, कधी नाही. न पाठवणाऱ्यांचंही याला वाईट वाटायचं, "बिचारा आजारी असेल." बायको गेल्यावर तो अल्बमांसकट बहिणीकडे राहायला आला. रात्रीचं जेवण झालं की भिंग लावून बसायचा, आणि पद्मजाताई समोर बसून, तो ज्याच्याशी अदलाबदल करतोय तो माणूस चोर कसा आहे हे सांगायच्या.

गेल्या पावसाळ्यात तो आजारी पडला. हॉस्पिटलात एक दिवस बहिणीचा हात धरून म्हणाला, "पद्मा, माझे अल्बम फुटू देऊ नकोस. विकायचे तर खुशाल विका, पोरांना उपयोग होईल. पण सगळे एकत्र जाऊ देत, एकाच माणसाकडे. पन्नास वर्षं लावून ठेवलंय गं." पद्मजाताई आयुष्यात कुणाला शब्द देत नाहीत, कारण शब्द घेणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. भावाला मात्र त्या "बरं" म्हणाल्या. मग तो गेला आणि ते "बरं" त्यांच्या गळ्यात अडकून राहिलं.

कारण मालक त्या नव्हत्या. अल्बम पोरांचे. आणि पोरं एकमेकांशी वडिलांच्या तेराव्यापासून बोलत नव्हती, तिथे आचाऱ्यानं जिलब्या कमी आणल्या की सत्यजीतनं कमी सांगितल्या यावरून.

डिसेंबरात सत्यजीतनं इंटरनेटवरून एक व्यापारी शोधून आणला, इंद्रजीतभाई, मुंबईचे. पांढराशुभ्र शर्ट, अत्तराचा वास आणि खिशात मखमली पिशवीत चिमटा. शनिवारी सकाळी सगळे पद्मजाताईंच्या हॉलमध्ये जमले. सत्यजीत एका खुर्चीवर, कादंबरी समोरच्या टोकाला, आणि मधे इंद्रजीतभाई अल्बम उलटत.

"मावशी, एक बात बोलू? बुरा नाय मानायचा," इंद्रजीतभाई म्हणाले. "शौकीन आदमी होते आपले भाई. पण माल कॉमन हाय. हे बघा, कॉमन. ये भी कॉमन. हे छान हाय... पण कॉमन."

सत्यजीत आणि कादंबरी अल्बमकडे बघत होते. पद्मजाताई बघत होत्या इंद्रजीतभाईंच्या अंगठ्याकडे. तीस-पस्तीस वर्षं काउंटरमागे बसून त्यांना एक कळलं होतं: गड्डीत फाटकी नोट लपवून आणणारा माणूस नेमक्या त्या नोटेपाशी भरभर मोजतो. इंद्रजीतभाईंचा अंगठा एका लयीत चालला होता. लाल अल्बममध्ये एका पानावर चार निळी तिकिटं होती, कुठल्याशा जुन्या संस्थानाची, एकमेकांना चिकटून, छिद्रांच्या रेघांनी जोडलेली, कागदाच्या कडेसकट. तिथे अंगठा थबकला. आणि मग दोन पानं एकदम उलटली.

"हं," पद्मजाताई म्हणाल्या.

इंद्रजीतभाईंनी मान वर केली. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण दोन पानं पुढे जाऊन त्यांनी एका रिकाम्या चौकटीवर चिमटा टेकला. सगळ्या पानावर तिकिटं, मधे एकच पेन्सिलची चौकट मोकळी.

"इधर एक होता," ते आवाज खाली आणून म्हणाले. "बडावाला. किसने निकाला?" मग लगेच हात जोडून, "छोडो, घर का मामला हाय. आपण बाहेरचा आदमी."

सत्यजीत पंख्याकडे बघायला लागला. कादंबरीनं मुलाखतीतला आवाज काढला, तो मऊ, दह्यासारखा: "आत्या, तसं अजिबात नाही गं. मी फक्त विचारतेय. कपाटाची चावी तुझ्याकडेच असते ना?"

"माझ्याकडेच असते," पद्मजाताई म्हणाल्या.

"नाही, तेच. फक्त कन्फर्म केलं."

इंद्रजीतभाई चहा घेऊन, "सोचके बोला" म्हणून गेले. मागोमाग कादंबरी निघाली. जिन्यात तिनं नवऱ्याला फोन लावला. "अरे, अल्बममधलं तिकीट गायब आहे! दोन लाखांचं तरी असेल. आत्यानं काय केलं देव जाणे, तिला तर तिकीट म्हणजे पाकिटाला लावायची वस्तू!" खालच्या वळणावर कमळी टोपली टेकून बसली होती. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि भाजी मार्केटचा रस्ता धरला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

पद्मजाताईंच्या कानावर आठवड्यात सगळं आलं. वाण्यानं सुटे परत देताना "तुम्हाला काय कमी, ताई" म्हटलं, तिथेच त्या समजल्या. त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आयुष्यभर त्यांनी जगावर संशय घेतला, आणि जगानं त्यांच्यावर घ्यायची ही पहिलीच वेळ. ते त्यांना नियमबाह्य वाटलं.

बुधवारी सत्यजीतचा फोन आला. "आत्या, एक बोलू का? सगळं एकत्र नको विकायला. सुटं सुटं विकलं तर जास्त येतील. ज्याचा वाटा त्यानं विकायचा."

गुरुवारी कादंबरीचा. "आत्या, वाईट नको वाटून घेऊस हं. पण सुटं सुटं विकलं तर जास्त येतील. ज्याचा वाटा त्यानं विकायचा."

पद्मजाताईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिल्या. या दोन भावंडांचं पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरही कधी एकमत झालं नव्हतं. एकमेकांशी न बोलता दोघांच्या तोंडी एकच वाक्य, तेही एकाच चालीत, शेवटच्या शब्दावर तसाच मधाळ हेलकावा देत? ते वाक्य त्यांचं नव्हतंच. त्याला अत्तराचा वास येत होता.

त्यांनी कादंबरीला परत फोन लावला. "इंद्रजीतभाई बोलले ना तुझ्याशी?"

"नाही गं. म्हणजे हो. पण तुला कसं कळलं? दादानं सांगितलं? म्हणजे त्यालाही केला होता त्यांनी फोन? आणि तो मला बोलला नाही?"

"तू त्याला बोललीस?"

"तो वेगळा विषय आहे, आत्या."

पुढच्या रविवारी पद्मजाताईंनी दोघांना बोलावून घेतलं. टेबलावर पांढरा पंचा अंथरला, लाल अल्बम उघडला, ती रिकामी चौकट समोर आणली. मग कमलाकरच्या चिमट्यानं शेजारचं एक तिकीट हळूच उचललं. ते वरच्या कडेला कागदी पट्टीनं अडकवलेलं होतं, झाकणासारखं उघडलं. खालचा कागद दुधासारखा पांढरा निघाला, तिकिटाच्या आकाराचा. भोवतीचं पान चहा सांडल्यासारखं पिवळं.

"भिंतीवरचा फोटो काढला की मागे कसं दिसतं?" पद्मजाताई म्हणाल्या. "आता ही चौकट बघा. आतही पिवळं, बाहेरही पिवळं. इथे तिकीट कधी बसलंच नाही. तुमच्या बाबांना कुणीतरी पाठवतो म्हणाला होता. यानं आपलं आधी पाठवून दिलं आणि त्याच्यासाठी जागा आखून ठेवली. मी तेव्हाच म्हटलं होतं, तो यायचा नाही. तर मला म्हणाला, येईल गं, पोस्टात अडकलं असेल."

कादंबरी खाली बघून म्हणाली, "सॉरी, आत्या." सत्यजीतही सॉरी म्हणाला, पण त्याआधी त्यानं फोटो काढून, मोठा करून बघितला.

तर तिकीट चोरीला गेल्याचा विषय घरापुरता संपला. बाहेर तो अजून चालू आहे, कारण कमळी म्हणते, "पांढरा डाग दाखवला म्हणं. डाग कोन पन दाखवल."

पण पद्मजाताईंचा खरा घोर तसाच राहिला. आत्यावरचा संशय गेला म्हणून भावंडांचा एकमेकांवरचा थोडाच गेला. दोघांना आपापला वाटा हवाच होता, आणि तोही आत्ता. सत्यजीतनं फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलं होतं. तिकिटाचा फोटो काढला की ते भाव सांगतं. चार निळ्या तिकिटांवर त्यानं फोन धरला, तर अ‍ॅप म्हणालं चाळीस हजार. कादंबरीनं तोच फोन घेऊन पुन्हा धरला, तर चारशे.

"सावली पडली तुझी," सत्यजीत म्हणाला.

"माझी सावली पडली की भाव पडतो? आणि तू धरलास की चढतो? छान आहे अ‍ॅप. कोणी बनवलं, तूच का?"

"बरं, मग भांडण नको. दोन तुला, दोन मला. मधे छिद्रं आहेतच की, फाडायलाच केलेली असतात ती."

आणि त्यानं खरोखर पान पुढे ओढलं. पद्मजाताईंनी त्यावर पालथा हात ठेवला. "फाडू नकोस. चार एकत्र आहेत म्हणून त्यांना मान आहे. सुटी केलीस तर चिल्लर होईल. आणि मी म्हणते, फाडायचं कशाला आणि वाटायचं तरी कशाला? सगळे अल्बम एकत्रच..."

त्या मधेच थांबल्या. कारण दोघं भावंडं त्यांच्याकडे बघत होती, आणि ती नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. रोज आरशात बघतात ती. आत्या एवढं एकत्र एकत्र म्हणतेय, म्हणजे हिलाच कुणीतरी गिऱ्हाईक भेटलं असणार. कपाटातून नेसायला काढलेली साडी परत घडी करून ठेवावी, तसं त्यांनी ते वाक्य मिटून ठेवलं.

"बरं. वाटा," त्या म्हणाल्या. "पण घरच्या रीतीनं. एकानं वाटे घालायचे, दुसऱ्यानं उचलायचा. घालणारा शेवटी. आणि वाट्यात मोडतोड करायची नाही. काही फाडायचं नाही, काही कापायचं नाही. शेतं वाटली तेव्हाही हीच रीत होती, अंगणातली भांडी वाटली तेव्हाही."

जो वाटे घालतो तो लबाडी करणार कशी? डावं जड केलं तर डावंच जाईल. सत्यजीत घालणार, कादंबरी उचलणार, पुढच्या रविवारी, असं ठरलं. दोघं गेली.

इथे मला मधे यावं लागतं, कारण पैज माझी आहे. आमचं दार समोरचं. दोघं गेल्यावर मी पद्मजाताईंना विचारलं, आता हो काय करणार, संग्रह तर फुटला. तर त्या म्हणाल्या, "फुटत नाही. वाटा कुणी उचलणारच नाही."

म्हटलं, कादंबरीताई दहा मिनिटांत उचलेल.

"तू टिपणीस नाहीस," त्या म्हणाल्या. आणि मग सांगितलं: त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी तांब्यापितळेची भांडी वाटायला काढली होती. काकांनी वाटे घातले, वडिलांनी उचलायचा. वडील रोज सकाळी अंगणात यायचे, दोन्ही वाट्यांभोवती फेरी मारायचे आणि आत जायचे. होळीला घातलेले वाटे मृगापर्यंत अंगणात होते. शेवटी हंड्यात कोंबडीनं अंडी घातली, आणि ती अंडी कुणाच्या वाट्याची यावर बायका भांडायला लागल्या, तेव्हा भांडी उचलून परत एकाच माळ्यावर टाकली.

मी म्हटलं, ते जुनं झालं, आताची माणसं पटापट निर्णय घेतात. पद्मजाताई "हं" म्हणाल्या. पैज लागली पोपटीची, म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगांची. हरेल त्यानं सामान आणायचं आणि मडकं लावायचं.

रविवारी सत्यजीत सकाळी नाश्त्याला आला तो लॅपटॉप घेऊनच. हॉलमध्ये सतरंजी अंथरून त्यानं वाटे घालायला सुरुवात केली. एक अल्बम इकडे, एक तिकडे. मग बसून बघायचा, उठून बघायचा, खुर्चीवर चढून बघायचा. निळ्या चारांचं पान असलेला लाल अल्बम डावीकडे गेला, म्हणून उजवीकडे दोन जाडे अल्बम वाढवले. मग उजवं जास्त दिसलं, म्हणून एक परत डावीकडे. पद्मजाताई स्वयंपाकघराच्या दारात बसून बिरड्याचे वाल सोलत होत्या.

अकराला कादंबरी आली. चपला काढून सरळ सतरंजीशी उभी राहिली.

"डावा वाटा पुढे का सरकवलायस?"

"सरकवला नाही. फरशीला उतार आहे."

"उताराकडेच कसा ठेवलास?"

कादंबरीनं लाल अल्बमकडे हात नेला. नेता नेता भावाच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं त्याच क्षणी श्वास सोडला. बिचारा सकाळपासून वाकून बसला होता, म्हणून असेल.

"सुटलास ना?" कादंबरीनं हात मागे घेतला. "म्हणजे डाव्यात काही नाही."

"मग उजवा घे ना."

"एवढ्या पटकन 'घे ना'?"

"मग तू सांग, कसं बोलू!"

"तू काही बोलू नकोस. तोंड तिकडे कर."

सत्यजीतनं तोंड भिंतीकडे केलं. तर तिला वाटलं, हा हसतोय. तिनं त्याला परत इकडे वळवलं. मग म्हणाली, आपण उलटं करू, मी वाटे घालते, तू उचल. झालं. तिनं सगळं पुन्हा मांडलं, लाल अल्बम या वेळी उजवीकडे. आता सत्यजीत सतरंजीभोवती फिरायला लागला. "तू आधी हा घेणार होतीस ना? मग आता माझ्या बाजूला का?" असं म्हणून तो डावीकडे गेला आणि तिथे पोचल्यावर, "की हेच मला वाटावं म्हणून?" असं म्हणून परत आला. जेवायची वेळ झाली. बिरडं झालं, भात झाला. दोघं ताटं घेऊन सतरंजीच्या दोन बाजूंना बसली, कारण कुणी वाट्याकडे पाठ करायला तयार नव्हतं.

जेवण चालू असतानाच सत्यजीतचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि फोन पालथा घातला.

"कोण आहे?" कादंबरी.

"कुणी नाही. लोनवाले."

"लोनवाले रविवारी? उचल. स्पीकरवर."

सत्यजीतनं आत्याकडे बघितलं. पद्मजाताई ताक ओतत होत्या. त्यानं स्पीकर लावला आणि हॉलभर तो मधाळ आवाज पसरला. "सत्यजीतभाई, वाटा झाला काय? सुनो, चार निळेवाले ज्या हिश्शात हाय ना, तोच घ्यायचा. दुसऱ्या हिश्शाची फिकर नको. और सिस्टर को बोलना मत."

सत्यजीतनं "बरं" म्हणून फोन ठेवला. कानाच्या पाळ्या लाल. कादंबरी तोंड उघडून काहीतरी जबरदस्त बोलणार, एवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. आता सत्यजीतनं हात पुढे केला, आणि तोही स्पीकरवर लागला.

"कादंबरी मॅडम, वाटा झाला काय? सुनो, चार निळेवाले..." शेवटाला, "और ब्रदर को बोलना मत," हेही तसंच, त्याच हेलकाव्यानं.

फोन बंद झाल्यावर भावाबहिणीनं एकमेकांकडे बघितलं. त्या घरात जन्मल्यापासून पहिल्यांदाच दोघांना एकाच वेळी, एकाच माणसाचा संशय आला होता. त्यांना तो जमायला थोडा वेळ लागला.

"कॉमन माल म्हणत होता ना रे?" कादंबरी म्हणाली.

"आणि तुला सुटं सुटं...?"

"सुटं सुटं! तुलाही? अगदी असंच?"

"अगदी असंच."

आणि कादंबरीनं, हातात ताकाची वाटी, हुबेहूब इंद्रजीतभाई काढून दाखवले: "हे छान हाय... पण कॉमन." सत्यजीतला ठसका लागला. हसता हसता तो म्हणाला, "मग लाल अल्बम तू घे, दादा म्हणून सांगतोय," आणि ती म्हणाली, "का? तूच का नाही घेत?" आणि दोघांच्या लक्षात आलं की हे असंच मृगापर्यंत चालणार.

"त्यापेक्षा," सत्यजीत म्हणाला, "सगळं एकत्रच लिलावात देऊ. चांगल्या ठिकाणी, दोन-तीन जणांकडून पारखून. दोघांच्या सह्या. एकाला हलवताच येणार नाही काही."

"तीन सह्या," कादंबरी म्हणाली. "आत्याचीही. चावी तिच्याकडे असते."

पद्मजाताईंनी वालाची सालं सुपात गोळा केली आणि "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ उगीचच बराच वेळ सोडून ठेवला.

संग्रह जानेवारीत गेला, फुटला नाही. लिलावात अलिबागच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सगळे अल्बम एकगठ्ठा घेतले, रिकाम्या चौकटींसकट. ते न्यायला आले तेव्हा पद्मजाताईंनी त्यांना तासभर बसवून ठेवलं. घरात दमट भिंत आहे का, वाळवी आहे का, नातवंडं किती, त्यांच्या हाताला अल्बम लागतो का, आणि तुमच्या मागे कोण बघणार. डॉक्टर घाम पुसत उत्तरं देत होते. शेवटी विचारलं, "अदलाबदल करता का कुणाशी?" ते म्हणाले, "करतो की, पत्रानं." "आधी कोण पाठवतं?" "मीच पाठवतो बहुतेक." पद्मजाताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि कपाटाची चावी काढली.

आणि मी पैज हरलो. दहा मिनिटं सोडा, वाटा शेवटपर्यंत कुणी उचललाच नाही. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडकं, सगळं मीच आणलं. भांबुर्डीचा पाला शोधत विचुंब्याच्या बाजूच्या माळावर मीच फिरलो आणि पोटऱ्यांवर काटेही मीच ओढून घेतले. पोपटी लागली, धूर झाला, वासानं बिल्डिंगची अर्धी माणसं खाली आली. सत्यजीतदादा आणि कादंबरीताईही आली होती, एकाच गाडीतून, पेट्रोल कुणी भरलं यावर बोलत. मी मडकं पालथं करायला गेलो, तर पद्मजाताईंनी माझ्या मनगटाला धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "अंडी किती घातलीस, ते आधी सांग. मग उघड."